पाचपर्यंत पाय उचलायचा नाही

परवा फोनवर तू सांगितलंस, की गाडी शिकवणाऱ्या तुझ्या तिकडच्या बाई तुझ्या ब्रेकवरच्या पायाला हसल्या. थांबायचं म्हटलं की तुझा पाय दाब-सोड, दाब-सोड करतो, आणि हे कुठून शिकलीस असं त्यांनी विचारल्यावर तू बाबांचं नाव सांगून मोकळी झालीस. तुझ्या धाकट्या भावाने मागून भर घातली, की बाबा सिग्नललासुद्धा ब्रेकवर नाचतात. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत होते, कारण तो पाय बाबांचाही नाही. तो पाय अकोल्याचा आहे. त्याचे मूळ मालक मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात राहतात, आणि त्या पायापायीच दोन वर्षांपूर्वी त्यांची ट्रकवरची जागा जायची वेळ आली होती. त्या प्रकरणात मी पंच होते. तेव्हा सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आपल्या घरी सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी वयाने त्यांच्या बरोबरीची, म्हणून मी भाई म्हणते आणि ते मला बाई म्हणतात, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाने मोर्शीहून संत्री न्यायला पहिला ट्रक घेतला, तेव्हापासून चाचा त्यावर आहेत. आता धंदा त्या भावाचा मुलगा, म्हणजे तुमचा काका पाहतो. ट्रक तीनदा बदलले, चाचा तेच राहिले. तुमच्या बाबांना, माझ्या लेकाला, बारावीच्या सुट्टीत जीप शिकवली ती चाचांनीच, आमच्या अमरावतीच्या घरामागच्या मोकळ्या मैदानावर. ब्रेक एकदम दाबलास तर चाकं जखडतात, आणि जखडलेलं चाक म्हणजे घसरगुंडीवरचं पोर, ते कोणाचं ऐकत नाही, असं ते सांगत. म्हणून दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. चाक फिरतं राहिलं पाहिजे. बाबांनी ते असं घोटलं, की जेवताना टेबलाखालीही त्यांचा पाय हलायचा. पुढे तुझ्यापर्यंत ते कसं पोचलं ते तूच जाणतेस.

त्या जुन्या गाड्यांना ही शिकवण अगदी बरोबर होती. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही चाचांना अडाणी समजाल.

नव्या ट्रकला एबीएस आलं. म्हणजे चाक जखडायला लागलं, की गाडी स्वतःच त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते आणि पुन्हा लावते. माणसाच्या पायाने साधणार नाही इतक्या भराभर. तुमच्या छोट्या गाडीत अशा वेळी पेडल पायाला धडधडतं, असं तू म्हणालीस. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, त्यामुळे तिथे खालून आवाज येतो, फस् फस् फस्. चाचांना तो आवाज पहिल्याच दिवशी खटकला. आपण ब्रेक दाबलेला असताना खाली कोणीतरी हवा सोडतंय, हे त्यांना सहन होईना. त्यांनी काकाला दोनतीनदा सांगून पाहिलं. काका म्हणाला, कंपनीने विचार करूनच दिलं असेल.

मग चाचांनी स्वतःच इलाज केला. एबीएसचा फ्यूज काढून तो लवंग-सुपारीच्या डबीत ठेवून दिला. फ्यूज काढला की समोर एक पिवळा दिवा लागतो आणि विझत नाही. संत्र्यांवर लावतात तसलं गोल स्टिकर चाचांनी त्या दिव्यावर चिकटवलं. अगदी मापात बसलं. असे आठ महिने गेले.

आश्विनात काकाने गाडी पासिंगला न्यायची म्हणून मेकॅनिकला दाखवली. त्याने ते स्टिकर नखाने काढलं, आणि खाली पिवळा डोळा उघडाच. काका रागावला तर आवाज चढवत नाही, तुमच्या आजोबांसारखा थंड होतो. त्याने चाचांकडून किल्ली मागून घेतली, फ्यूज परत बसवून घेतला, आणि उद्यापासून तुम्ही गोदाम पाहा, गाडीवर दुसरा माणूस ठेवतो, असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आमच्या फाटकाशी रिक्षातून उतरले. अकोल्याहून एसटीने आले होते. गाडीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. हातात कापडी पिशवी, आणि बाजारहाटाला निघालेल्या एखाद्या पेन्शनरासारखे दिसत होते. चहा घेतला, तुमची दोघांची चौकशी केली, आणि मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. गाडीचं माहितीपुस्तक. सगळं इंग्रजीत.

"बाबूनं किल्ली मांगून घेतली, पुस्तक मांगाचं इसरला," ते म्हणाले. बाबू म्हणजे तुमचा काका. "तुमी वाचून सांगा बाई. त्यात मायी चूक लिवली असंल, तं मी गोदामात जाऊन बसतो. पर मी दाबून राहिलो अन् ते खालून सोडून राहिलं, असा बिरेक मी जिंदगीत नाई पाह्यला. बैलाची येसन मायाच हातात पाह्यजे ना?"

मी चष्मा लावला, अनुक्रमणिकेतून पान शोधलं आणि वाचलं. चाकं जखडत नाहीत, गाडी सरळ राहते, सुकाणू हातात राहतं. चालकाने पेडल ठामपणे दाबावं आणि गाडी थांबेपर्यंत दाबूनच ठेवावं. पुन्हापुन्हा दाबू-सोडू नये. हे मी त्यांना मराठीत सांगितलं, आणि पुस्तक मिटून निकालही दिला: भाई, चूक तुमची आहे. छापील मजकुरावर माझा विश्वास जुना आहे. बशीतला उरलेला चहा चाचांनी परत कपात ओतला, कपातला बशीत.

"चाळीस सालं झाली," एवढंच म्हणाले. "गोदामात मी करू काय?"

ते गेल्यावर मी काकाला फोन लावला. मला वाटलं होतं की तो पासिंगचं, नियमांचं काहीतरी सांगेल.

"मोठी आई," तो म्हणाला, "मले चाचाले काढायचं नाहीये. मले चाचा घरी वापस आलेले पाहिजेत." तो एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतो. थोडं थांबून पुढे म्हणाला, की फ्यूज लावून, पुस्तकात लिहिलंय तसा ब्रेक चाचा एकदा जरी मारून दाखवतील, तर किल्ली त्यांचीच. पण नजरेसमोर, नुसतं हो म्हणून चालणार नाही. मी म्हटलं, मग परीक्षा घेऊ. परीक्षा घेण्यात माझा हातखंडा होता.

जागा मिळाली ती अकोल्याच्या अलीकडची कापसाची एक जिनिंग. कापूस यायला अजून अवकाश होता, त्यामुळे आवार रिकामं होतं. फाटकापासून वजनकाट्यापर्यंत लांबलचक डांबरी पट्टा, आणि त्याला लागून मागच्या बाजूला तसाच लांब मुरमाचा रस्ता. परतीचा पाऊस येऊन गेला होता, तरी डांबर पुरेसं ओलं नाही म्हणून काकाने टँकर मागवून ते धुऊन काढलं. मी चुन्याची रेघ मारून घेतली, आणि तिथपासून पुढे रस्त्याच्या कडेने संत्र्यांचे रिकामे क्रेट एकाला एक लावून रांग केली. दोन क्रेट म्हणजे साधारण एक मीटर. रेघेवर पुढचं चाक आलं की ब्रेक लावायचा, आणि गाडी कितव्या क्रेटशी थांबली ते मी वहीत लिहायचं. वेग प्रत्येक वेळी चाळीस. काकाला एवढ्या व्यवस्थेचं हसू येत होतं, पण क्रेट त्यानेच मोजून लावले.

चाचा स्वच्छ पांढरा सदरा घालून आले होते, ईदला घालतात तसा.

पहिली फेरी, फ्यूज लावलेला. गाडी आली, रेघ आली, आणि मला लांबून ऐकू आलं: फस्... मग काही नाही... मग पुन्हा फस्. आवाज झाला की चाचांचा पाय वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. तेहतिसावा क्रेट. दुसरी फेरी, चौतीस. तिसऱ्या फेरीला त्यांनी शपथ घेतल्यासारखं मान हलवून सुरुवात केली, बत्तीस. मग ते खाली उतरले आणि काकाला म्हणाले, आता फ्यूज काढून एकदा. फ्यूज काढून, आपल्या जुन्या पद्धतीने दाबत-सोडत, त्यांनी गाडी एकोणतिसाव्या क्रेटशी उभी केली. हसले नाहीत, फक्त रांगेकडे पाहिलं. वहीतले आकडे त्यांच्या बाजूने बोलत होते.

काका म्हणाला, चाचा, हा तुमच्या पायाचा आकडा आहे, एबीएसचा नाही. तुम्ही त्याला काम करूच देत नाही.

ते खरं होतं, आणि चाचांनाही ते कळत होतं. अडचण समजण्याची नव्हतीच. ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले की डोकं ऐकते, पाय नाई ऐकत. आवाज आला की तो आपोआप उठते. चाळीस वर्षं ज्या पायाने माणसं आणि संत्री सुखरूप पोचवली, त्याला आता खोटं कसं पाडायचं? काका दुसरीकडे पाहायला लागला. मला वाटलं, परीक्षा संपली.

तेव्हा मला माझा वर्ग आठवला. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या की मी पाचपर्यंत मोजायचे, आणि पाच म्हणेपर्यंत कोणी कागद उलटायचा नाही असा माझा नियम होता. वाह्यात पोरंसुद्धा पाळायची. मी म्हटलं, मी बसते शेजारी, मी मोजते. पाच म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही.

आता ट्रकच्या केबिनमध्ये नऊवारी-पाचवारी कोणत्याही लुगड्यात चढून दाखवावं, असं आव्हान मी तुम्हाला देते. क्रेट एकावर एक ठेवून पायऱ्या झाल्या. काका खालून आधार देत होता, चाचा वरून हात देत होते, आणि दोघेही एकमेकांना 'सांभाळून, सांभाळून' म्हणत होते. सकाळपासून त्यांचं परस्परांशी झालेलं ते पहिलं मायेचं बोलणं. वर बसल्यावर जग फारच खाली दिसतं. चाचांनी माझा पट्टा स्वतः लावून दिला. मग गाडी सुरू न करता तसेच बसून राहिले.

"बाई," ते म्हणाले, "गिनती इंग्रजीत करा."

मी विचारलं, काहून?

"मराठी या पायाले समजते. उर्दूही समजते. दोन म्हनल्याबरोबर त्याले कळंल का आता तीन येते, मंग चार, अन् तो आपला उठून बसंल. इंग्रजी त्याले नाई येत. बसंल चुपचाप, बाईची गिनती व्हयेपर्यंत."

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण ते न येण्याचा असा उपयोग मला कोणी दाखवला नव्हता. मी मान डोलावली. गाडी निघाली. चाळीसचा वेग वरून बघताना ऐंशी वाटतो. रेघ आली, मी म्हणाले, वन्. खाली फस् फस् सुरू झालं. टू. चाचांचा गुडघा वर यायला बघत होता, पण पाय खाली होता. थ्री. त्यांनी डोळे बारीक केले होते, आणि ओठ हलत होते. ते माझ्याबरोबर मोजत नव्हते, दुसरंच काही म्हणत होते. फोर म्हणायच्या आत गाडी उभी राहिली. एकदम सरळ, जशी रेघ आखली होती तशी. इतकी अचानक, की माझं फोर उगीच मागाहून आलं.

काका धावत आला. चोविसावा क्रेट.

आणखी दोनदा करून पाहिलं. पंचवीस, चोवीस. काकाने खिशातून किल्ल्यांचा दुसरा जुडगा काढून चाचांच्या हातावर ठेवला, आणि जाऊ द्या आता, जेवायला चला म्हणाला. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण चाचा केबिनमधून उतरेनात.

"अजून मुरूम राह्यला," ते म्हणाले.

मी म्हटलं, भाई, पुस्तकात लिहिलंय, चाकं जखडत नाहीत, आणि गाडी लवकर थांबते ते आत्ताच पाहिलं. मुरमाचं वेगळं काय असणार?

"पुस्तकानं मोर्शीच्या वावरातला रस्ता पाह्यला काय? संत्री डांबरावर पिकत नाई, बाई."

म्हणून क्रेटची रांग उचलून मुरमाच्या कडेला नेली. फ्यूज लावून, माझ्या मोजणीवर, पाय न उचलता: छत्तीस. मला वाटलं, माझं मोजायचंच चुकलं. मी पुन्हा मोजले, छत्तीसच. मग मी खाली उतरले, काकाने फ्यूज काढला, आणि चाचांनी या वेळी दाब-सोडही केलं नाही. रेघेवर चाकं सरळ जखडून टाकली. गाडी खरखरत गेली, चाकांपुढे मुरमाचा चांगला ढीग जमला, आणि त्या ढिगातच ती रुतून थांबली. तीस.

मी वही घेऊन त्या ढिगाशी उभी राहिले. जखडलेलं चाक सैल मुरूम पुढे लोटत जातं आणि स्वतःपुढे बांध घालतं. फिरतं चाक त्याच मुरमावरून नुसतं पुढे निघून जातं. हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं. तरीही सवयीने पिशवीतून पुस्तक काढलं, तेच पान उघडलं, आणि या वेळी पान उलटून मागची बाजू वाचली. तिथे चौकटीत लिहिलं होतं: सैल खडी, वाळू किंवा ताजा बर्फ असल्यास थांबायला जास्त अंतर लागू शकतं. बत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, की कागदाची मागची बाजूही बघा, प्रश्न तिथेही असतात. आणि चाचांना चूक ठरवताना मी स्वतः पुढचंच पान वाचून पुस्तक मिटलं होतं.

मी ते वाक्य त्यांना मराठीत वाचून दाखवलं आणि माफी मागितली. चाचांनी माफीकडे लक्षच दिलं नाही. पुस्तक हातात घेऊन त्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि वाचता येत असल्यासारखं बराच वेळ पाहत राहिले. "म्हंजे पुस्तकालेबी मालूम व्हतं," ते काकाला म्हणाले.

काकाने विचारलं, मग काय करायचं? मुरमावर फ्यूज काढायचा आणि डांबरावर लावायचा? त्याचा आवाज जरा धास्तावलेला होता, चाचा हो म्हणतात की काय म्हणून.

चाचांनी डबी उघडून त्याला लवंग दिली. फ्यूज राहू दे, म्हणाले. मुरमावर गाडी वीसनं चालवायची असते. जो चाळीसनं चालवतो त्याचा इलाज ब्रेकात नसतो. फक्त यापुढे कोणी म्हणालं की एबीएसनं गाडी सगळीकडे लवकर थांबते, तर त्याले हा ढीग दाखवायचा. काका म्हणाला, दाखवेन. आणि मग जिनिंगच्या पायरीवर बसून आम्ही तिघांनी डबा खाल्ला. मी भाकरी आणि ठेचा नेला होता, चाचांच्या घरून खिमा आला होता, आणि काकाने, घरी सांगू नका अशा बोलीवर, दोन्हीकडे हात मारला.

दिवाळी झाली, आंबिया बहाराची संत्री निघायला लागली. एका सकाळी अवेळी पाऊस पडला. साडेनऊच्या सुमाराला माझा फोन वाजला. चाचा होते. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, म्हणजे ते रस्त्यावरच होते. मोर्शीचा माल भरून अकोल्याकडे निघाले होते. ओल्या डांबरावर शेतातून एक ट्रॅक्टर-ट्रॉली अचानक आडवी आली, सोयाबीनच्या पोत्यांवर बाया बसलेल्या. आता ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला होता, बाया खाली उतरून पदर सावरत होत्या, आणि एकीने उतरल्या उतरल्या चाचांनाच दोन शिव्या दिल्या होत्या. ते त्यांनी मला आधी सांगितलं, हसत. मग त्यांचा आवाज थोडा खाली आला.

"पाय नाई उचलला बाई. वन् टू मनातच केलं."

मी विचारलं, कितीवर थांबली?

"फोर. भरलेली होती ना." श्वास घेऊन पुढे म्हणाले, "अन् सरळ. मागचा भाग जराबी नाई फिरला. जुनी गाडी असती तं..." ते वाक्य त्यांनी सोडून दिलं आणि सांगितलं, की एक क्रेट संत्री माझ्यासाठी बाजूला काढलीत, संध्याकाळी कोणाजवळ तरी पाठवतात.

आता तुझ्या पायाचं. तुझ्या बाई सांगतात तेच कर. दाब आणि धरून ठेव. फक्त तुमच्याकडे बर्फ पडतो, आणि ताजा बर्फ मुरमाच्या जातीचा असतो, हे मागच्या पानावर आहे. तिथे वीसनं चालव.

बाबांचा प्रश्न मात्र अवघड आहे. मी हे सगळं परवा चाचांना सांगितलं, की तुमच्या शिष्याची पोरगी तिकडे तुमचा पाय घेऊन फिरते, आणि शिष्य तर सिग्नलवर नाचतो. त्यांना फार बरं वाटलं. मग विचारात पडले. पाय खाली बसवायचा तर मोजावं लागेल, म्हणाले, पण त्याच्या पायाले तं आता इंग्रजीही येत असंल, एवढी सालं तिथं काढली. तुमच्या शाळेत फ्रेंच शिकवतात ना? पाचपर्यंत बाबांना तुम्ही त्यात मोजून दाखवा.